भिंतीवरचे वाद्य

घर पडले तरी त्याचे जोते उरते. किल्ला ढासळला तरी एखादा बुरूज उभा राहतो. सुराचे मात्र तसे नाही. सूर हवेत उमटतो आणि हवेतच विरून जातो. त्याला पुन्हा जागे करावयाचे, तर वाद्य हवे आणि त्या वाद्यात प्राण फुंकणारा माणूस हवा. ज्या वाद्याला असा माणूस उरत नाही, ते खुंटीवर टांगलेले एक लाकूड होऊन बसते. त्यावर धूळ साचते, कोळी जाळे विणतो आणि येणारे-जाणारे लोक त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहतात.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे एका खोलीच्या भिंतीवर असेच एक वाद्य टांगलेले होते. ही १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट. वाद्य लाकडाचे, लांबट, आणि खालच्या टोकाशी छत्रीच्या मुठीसारखे वळलेले होते. त्याचे नाव क्रमहॉर्न. जर्मन भाषेत ‘क्रुम’ म्हणजे वाकडे; तेव्हा ‘वाकडे शिंग’ असा त्या नावाचा अर्थ. सोळाव्या शतकात युरोपातील राजेरजवाड्यांच्या दरबारांत ते मोठ्या मानाने वाजत असे. पुढे नवी वाद्ये आली, लोकांच्या आवडीनिवडी पालटल्या आणि क्रमहॉर्न मुके झाले. त्या खोलीत अनेकजण येत असतील, जात असतील. परंतु डेव्हिड मन्रो नावाच्या एका विद्यार्थ्याची दृष्टी त्या वाद्यावर खिळली. त्याला नुसते पाहून समाधान झाले नाही. ते वाजते कसे, हे जाणून घ्यावेसे वाटले. त्या एका जिज्ञासेतून पुढे काय घडले, त्याची ही कथा आहे.

डेव्हिडचा जन्म १२ ऑगस्ट १९४२ रोजी बर्मिंगहॅम या शहरी झाला. ते शहर कारखान्यांचे. धूर, लोखंड आणि यंत्रांचा घरघराट यांसाठी प्रसिद्ध असलेले. त्याची आई नृत्य शिकवीत असे, तर वडील तेथील विद्यापीठात शारीरिक शिक्षण देत असत. ताल आणि श्वास या दोन गोष्टींचे महत्त्व ज्या घरात दोघांनाही ठाऊक, त्या घरात हा मुलगा वाढला. त्याचा आवाज गोड होता. शाळेत एकदा त्याला बसून नावाचे वाद्य वाजविण्यासाठी मिळाले. बसून हे काही पोरखेळाचे वाद्य नव्हे. सुमारे अडीच मीटर लांबीची नळी मधोमध दुमडून ते केलेले असते आणि त्यावर बोटे बसावयास एरवी कित्येक महिने लागतात. डेव्हिड सुमारे दोन आठवड्यांतच ते वाजवू लागला, आणि तेही ऐकणाऱ्याने मान डोलवावी इतके चांगले.

अठराव्या वर्षी त्याच्या आयुष्याला एक अनपेक्षित वळण लागले. १९६० मध्ये तो दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशी गेला. राजधानी लिमा येथील एका शाळेत मुलांना इंग्रजी शिकवावयाचे, हे त्याचे काम. मुलांना शिकविता शिकविता तो स्वतःच त्या भूमीचा विद्यार्थी झाला. पेरू आणि शेजारचा बोलिव्हिया हे अँडीज पर्वताच्या कुशीतील देश. तेथील डोंगरी लोकांचे संगीत त्याने कान देऊन ऐकले. त्या लोकांचे केना नावाचे वाद्य आपल्या बासरीचे लांबचे नातलग शोभावे असे असते. मात्र ते आडवे न धरता उभे धरून त्याच्या वरच्या खाचेत फुंकर घालतात. चारांगो हे त्यांचे छोटे तंतुवाद्य. त्याचा भोपळा पूर्वी आर्माडिलो नावाच्या प्राण्याच्या कवचाचा करीत. आणि सर्वांत नवलाचे म्हणजे त्यांच्या बोरूच्या नळ्यांचे जोडवाद्य. लहानमोठ्या नळ्या ओळीने बांधून ते तयार करतात. परंतु सप्तकातील निम्मे सूर एका वादकाच्या हाती, तर उरलेले निम्मे दुसऱ्याच्या हाती असतात. एकाने एक सूर फुंकावा, दुसऱ्याने पुढचा फुंकावा. तेव्हा कोठे गाण्याची एक ओळ पुरी होते. एकट्याने ते गाणे वाजविताच येत नाही. शेजाऱ्याचा श्वास ऐकल्यावाचून जेथे संगीतच जन्मत नाही, अशी ही परंपरा आहे.

वर्ष संपले. इतर प्रवासी परत येताना चांदीची भांडी किंवा लोकरीची वस्त्रे आणतात. डेव्हिडच्या सामानात निघाल्या बोलिव्हियाच्या बासऱ्या आणि आणखी कितीतरी अनोळखी वाद्ये. वाद्य हे केवळ मोठ्या सभागृहातील पोशाखी वादकांच्याच हाती असते असे नाही. ते गुराख्याच्या, शेतकऱ्याच्या आणि जत्रेतील माणसाच्या हातीही तितक्याच अधिकाराने शोभते, हा धडा त्या सामानाबरोबर आला.

केंब्रिजला त्याने संगीत हा विषय घेतला नव्हता. तो इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी होता. परंतु कोणत्या वर्गात आपले नाव घातले आहे, हे पाहून जिज्ञासा थांबत नसते. भिंतीवरच्या क्रमहॉर्नने त्याला वेड लावले. जुन्या संगीताचे थोर अभ्यासक थर्स्टन डार्ट त्या वेळी केंब्रिजमध्ये होते. त्यांनी त्याला या वाद्यांचा शोध घेण्यास उत्तेजन दिले, आणि डेव्हिड कामाला लागला.

काम सोपे नव्हते. जिवंत परंपरा असली, की शिष्य गुरूसमोर बसतो, ऐकतो आणि उचलतो. येथे गुरूच नव्हता. क्रमहॉर्न वाजविणारा शेवटचा उस्ताद जाऊन शतके लोटली होती. मग विचारावे कोणाला? उत्तर असे, की जुन्या ग्रंथांना विचारावे, चित्रांना विचारावे आणि संग्रहालयांत पडलेल्या मोडक्या वाद्यांना विचारावे. जर्मनीतील मिखाएल प्रेटोरियस या संगीतकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या काळच्या वाद्यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. १६२० मध्ये त्याला जोडून वाद्यांची चित्रे प्रसिद्ध झाली आणि त्या चित्रांबरोबर मोजपट्टीही दिलेली होती. त्यामुळे तीनशे वर्षांनंतरच्या कारागिरालाही अमुक वाद्य किती लांब आणि किती जाड होते, हे ताडून पाहता आले. प्रेटोरियसने ती मोजपट्टी आखली नसती, तर कितीतरी सूर कायमचे हरवले असते. व्यवस्थित नोंद करून ठेवणारा मनुष्य पुढील पिढ्यांवर केवढे उपकार करून जातो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

क्रमहॉर्नची रचना समजून घेतली, तर आपल्याकडील मुलांना ते मुळीच परके वाटणार नाही. सनईच्या तोंडाशी बोरूची दुहेरी पातळ पाती असते; तिला जिव्हाळी म्हणतात. वादक ती ओठांत धरतो आणि ओठांचा दाब कमीअधिक करून सूर हवा तसा लववितो. क्रमहॉर्नलाही तशीच दुहेरी जिव्हाळी असते. परंतु ती एका लाकडी टोपणाखाली झाकलेली असते. टोपणाच्या छिद्रातून फुंकले, की आत जिव्हाळी थरथरते. वादकाचे ओठ तिला कधी लागतच नाहीत. गारुड्याच्या पुंगीत याच तत्त्वाचा उपयोग केलेला दिसतो; तेथे जिव्हाळ्या भोपळ्याच्या आत दडलेल्या असतात. ओठांचा स्पर्श नसल्यामुळे क्रमहॉर्नचा आवाज फारसा लहानमोठा करता येत नाही. त्याचे सूरही जेमतेम एका सप्तकाहून थोडे अधिक. भुंगा गुणगुणावा तसा त्याचा स्वर. एकटे वाजले, तर ऐकणाऱ्याला प्रथम हसू येईल. पण लहान, मध्यम आणि मोठी अशी चार-पाच क्रमहॉर्न एकत्र वाजू लागली, म्हणजे त्या गुंजनाला एक भारदस्त गोडवा येतो.

क्रमहॉर्नच्या पाठोपाठ इतर भावंडेही आली. शॉम हे तर सनईचे सख्खे नात्यातले वाद्य: तीच जिव्हाळी, खाली रुंदावत गेलेली तीच नळी, आणि गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल असा तोच खणखणीत स्वर. रेकॉर्डर हे आपल्या अलगुजाच्या जातीचे. सॅकबट म्हणजे आजच्या ट्रॉम्बोनचे पूर्वज. त्याची नळी पुढेमागे सरकवून सूर बदलावयाचा. आणि रॅकेट तर मोठेच खोडकर. लहान रॅकेट वीतभरही उंच नसते. लाकडाचे एक गोलसर ठोकळेवजा नळकांडे. परंतु त्याच्या पोटात नऊ बारीक नळ्या एकीस एक जोडून लपविलेल्या असतात. त्यामुळे एवढ्याशा वाद्यातून एखाद्या धिप्पाड पुरुषाचा वाटावा असा खर्जाचा आवाज निघतो. वाद्य पाहून आवाजाचा अंदाज बांधणारे प्रेक्षक चकित होत आणि मग सभागृहात हशा पिके.

इतकी वाद्ये एकाच माणसाने हाताळावी, हे ऐकून एखाद्याला ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण आठवेल. अनेक विद्यांच्या मागे लागणाऱ्या माणसाला हा धोका असतोच. प्रत्येक वाद्याचा हात निराळा, ओठांची ठेवण निराळी, श्वासाचा जोर निराळा. रेकॉर्डरला हळुवार फुंकर लागते. शॉमला छातीतील सारे बळ लागते. एकात मुरलेली सवय दुसऱ्यात आड येते. डेव्हिड या धोक्यातून वाचला, कारण त्याच्या वाद्यांच्या गर्दीमागे एकच सूत्र होते. मनुष्याने आपला श्वास एका पोकळ नळीत घालून त्याचे गाणे कसे केले, या एकाच प्रश्नाचा तो मागोवा घेत होता. पेरूचा मेंढपाळ, सोळाव्या शतकातील दरबारी वादक आणि आजच्या वाद्यवृंदातील बसूनवादक ही त्याच्या लेखी तीन कुळे नव्हती. ते एकाच कुळातील तीन भाऊ होते.

शिक्षण संपल्यावर तो शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्ड येथे, नाटक मंडळीच्या वादकांत दाखल झाला. तेथे शेक्सपिअरची नाटके होत आणि त्या काळची वाद्ये रंगभूमीवर वाजविण्याची संधी मिळे. १९६७ मध्ये त्याने ‘अर्ली म्यूझिक कन्सॉर्ट ऑफ लंडन’ या नावाने आपला स्वतःचा एक वादकसमूह उभारला. अर्ली म्यूझिक म्हणजे प्राचीन संगीत. क्रिस्टोफर हॉगवुड हे केंब्रिजचे स्नेही, उंच पट्टीत गाणारे गायक जेम्स बोमन, आणि व्हायोल हे जुने तंतुवाद्य वाजविणारे ऑलिव्हर ब्रुक्स असे गुणी सहकारी त्याला लाभले. त्याची पत्नी जिलियन हीही तालवाद्ये वाजवून साथ करी.

यानंतरच्या अवघ्या नऊ वर्षांत डेव्हिड मन्रो यांनी जे काम केले, ते पाहिले म्हणजे दिवसाचे तास त्यांना इतरांहून अधिक मिळत होते की काय, अशी शंका येते. ठेंगणी मूर्ती, चेहऱ्यावर हसू आणि अंगात विलक्षण चपळाई. रंगमंचावर आले, की एक वाद्य ठेवीत, दुसरे उचलीत आणि मधल्या वेळात त्या वाद्याची गोष्ट अशा रंगतीने सांगत, की श्रोत्यांना चारशे वर्षांपूर्वीचे संगीत कालचेच वाटे. त्यापूर्वी प्राचीन संगीत हा पंडितांचा प्रांत होता. ते आदराने ऐकावे आणि आदरानेच जांभई दाबावी, अशी पुष्कळांची समजूत होती. मन्रो यांनी ती मोडली. हे संगीत मुळात नाचण्यासाठी, मेजवानीसाठी, मिरवणुकीसाठी, प्रार्थनेसाठी आणि प्रेमासाठी जन्मले होते. तेव्हा ते तसेच वाजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. अँटवर्प येथील सुसाटो याने १५५१ मध्ये छापलेली नृत्यगीते आणि प्रेटोरियसने १६१२ मध्ये प्रसिद्ध केलेली नृत्ये त्यांनी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा जुन्या कागदांवरील काळे ठिपके जणू उठून नाचू लागले.

लोकसंगीताशी जडलेले त्यांचे नातेही तुटले नाही. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील शर्ली कॉलिन्स आणि त्यांची बहीण डॉली या खेड्यापाड्यांतील पिढीजात गाणी जतन करणाऱ्या कलावती. १९६९ मध्ये त्यांच्या ‘अँथम्स इन ईडन’ या ध्वनिमुद्रिकेला मन्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साथ केली. साधीसुधी ग्रामीण गाणी आणि त्यांच्याभोवती क्रमहॉर्न, सॅकबट यांचे सूर! दरबार आणि शेत यांमधील भिंत जणू नाहीशी झाली. १९७० मध्ये आठव्या हेन्री राजाच्या सहा राण्यांवर ब्रिटिश दूरचित्रवाणीने एक नाट्यमालिका सादर केली आणि पुढील वर्षी पहिल्या एलिझाबेथ राणीवर दुसरी. दोन्हींचे संगीत मन्रो यांनी सिद्ध केले. ज्यांनी जन्मात शॉमचे नावही ऐकले नव्हते, अशा असंख्य कुटुंबांच्या बैठकीच्या खोलीत ते आता घुमू लागले.

तरीही मन्रो यांचे सर्वांत मोलाचे काम कोणते, असे विचारले तर अनेकजण त्यांच्या एका रेडिओ-कार्यक्रमाकडे बोट दाखवतील. बीबीसीवरील या कार्यक्रमाचे नाव ‘पाइड पायपर’. हॅमेलिन गावच्या जादूगार बासरीवाल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्याच्या बासरीमागे गावातील सारी मुले धावत गेली. हा नवा बासरीवालाही मुलांसाठीच वाजवीत होता. १९७१ ते १९७६ या पाच वर्षांत त्यांनी या कार्यक्रमाचे ६५५ भाग सादर केले. म्हणजे सरासरीने आठवड्याला दोनहून अधिक! आज मध्ययुगातील प्रार्थनागीत, उद्या दूरदेशीचे लोकगीत, परवा आजच्या तरुणांचे विजेच्या गिटारीवरील गाणे. मुलांना हे कठीण पडेल, ते रुचणार नाही, असे म्हणून त्यांनी काहीही वगळले नाही. मुलांच्या कानावर त्यांचा विश्वास होता. कार्यक्रम मुलांचा, पण ऐकणाऱ्यांत थोरांची संख्याही मोठी असे.

या साऱ्या उद्योगात मन्रो यांच्या हातून चुका झाल्या नाहीत, असे नाही. मध्ययुगीन संगीताच्या पोथ्यांत सूर लिहिलेले असतात. पण ते कोणत्या वाद्यावर वाजवावे, हे बहुधा लिहिलेले नसते. ही रिकामी जागा मन्रो यांनी आपल्या कल्पनेने भरली. एकेका गीताला त्यांनी अनेक रंगीत वाद्यांचा साज चढविला. पुढील अभ्यासकांनी अधिक शोध घेतला, तेव्हा त्यांपैकी पुष्कळ गीते मुळात नुसत्या कंठांनीच गाइली जात असावीत, असे त्यांना दिसून आले. म्हणजे मन्रो यांचा तो साज कित्येक ठिकाणी खरा नव्हता. परंतु गंमत अशी, की त्यांची चूक दाखविणाऱ्या विद्वानांपैकी कित्येकांना या संगीताची पहिली गोडी लागली, ती मन्रो यांचेच वादन ऐकून. बंद दार पहिल्याने उघडणारा मनुष्य आतील प्रत्येक वस्तू अचूक ओळखीलच, असे नाही. पण दार उघडलेच नसते, तर चूक तरी कोणी दाखविली असती?

१९७६ मध्ये मन्रो यांचा मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन वाद्यांवरील सचित्र ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसतर्फे प्रसिद्ध झाला. आपल्या वडिलांच्या आणि सासऱ्यांच्या स्मृतीस त्यांनी तो अर्पण केला. थोड्याच काळापूर्वी त्या दोघांचा मृत्यू झाला होता. जगाला हसविणाऱ्या आणि नाचविणाऱ्या या माणसाच्या अंतःकरणात दुःखाचा काळोख दाटत होता, हे त्यांच्या श्रोत्यांपैकी कोणाला ठाऊक असणार? त्या काळोखातच १५ मे १९७६ रोजी त्यांच्या जीवनाचा अकाली अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय तेहतीस होते. हसऱ्या चेहऱ्यामागेही व्यथा असू शकते. म्हणून आपल्या सोबत्याला कधी त्याचे मन विचारावे आणि आपले मन जड झाले, तर जवळच्या माणसापाशी ते मोकळे करावे. पेरूच्या डोंगरातील ते जोडवाद्य हेच सांगत नाही काय? एकट्याच्या श्वासाला जे गाणे पेलत नाही, ते दोघांनी मिळून पुरे करावयाचे असते.

मन्रो गेले, परंतु त्यांच्या सुरांचा प्रवास थांबला नाही. त्या प्रवासाने पुढल्याच वर्षी असे वळण घेतले, की ज्याची त्यांनी स्वप्नातही कल्पना केली नसेल. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर या नावाची दोन अवकाशयाने सोडली. एक २० ऑगस्टला आणि दुसरे ५ सप्टेंबरला. गुरू, शनी हे दूरचे ग्रह पाहून ती सूर्यमालेच्या पलीकडे जावयाची होती. तेथे कोठे कोणी सुज्ञ जीव असले आणि त्यांच्या हाती ही याने लागली, तर पृथ्वीची ओळख पटावी, म्हणून प्रत्येक यानात तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवण्यात आली. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखाली काही मंडळींनी तिच्यासाठी साऱ्या जगातून संगीताचे २७ नमुने निवडले. त्यात बाख आणि बेथोव्हेन यांच्या रचना होत्या. पेरूच्या डोंगरी लोकांचे नळ्यांचे वाद्य होते. आणि इंग्लंडचा जुना संगीतकार अँथनी होलबोर्न याच्या, १५९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील ‘द फेअरी राउंड’ ही छोटीशी नृत्यरचना होती. जेमतेम सव्वा मिनिटाची. वाजविणारे होते डेव्हिड मन्रो आणि त्यांचे सहकारी.

त्याच तबकडीवर भारतातून निवडलेला एकच आवाज आहे. तो आहे गोव्यातील केरी या गावी जन्मलेल्या आणि मुंबईत कीर्ती मिळविलेल्या थोर गायिका सूरश्री केसरबाई केरकर यांचा. त्यांनी गायिलेली भैरवी त्या तबकडीत साठविलेली आहे. दुसरे यान आकाशात झेपावल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंनीही या जगाचा निरोप घेतला. बर्मिंगहॅमचा वादक आणि केरीची गायिका यांचे मार्ग या पृथ्वीवर निराळे होते. पण आज त्यांचे सूर एकाच तबकडीवर, शेजारी शेजारी, अंधाऱ्या आकाशातून पुढे पुढे जात आहेत. पहिल्या व्हॉयेजरने २०१२ मध्ये, तर दुसऱ्याने २०१८ मध्ये ताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशात प्रवेश केला. मनुष्याच्या हातची कोणतीही वस्तू पहिल्या व्हॉयेजरइतकी दूर गेलेली नाही.

तेथे वारा नाही, हवा नाही. म्हणून सूरही नाही. ती तबकडी तेथे मुकीच आहे, केंब्रिजच्या भिंतीवरील त्या वाकड्या वाद्यासारखी. तिच्यासोबत सुई दिलेली आहे आणि ती कशी वाजवावी याच्या खुणाही वरच्या झाकणावर कोरलेल्या आहेत. प्रेटोरियसने मोजपट्टी आखून ठेवली होती, तशीच ही तजवीज. आता वाट पाहावयाची ती एवढीच, की कधीतरी, कोठेतरी, कोणाची तरी दृष्टी तिच्यावर पडेल, त्याला नुसते पाहून समाधान होणार नाही, आणि तो मनाशी म्हणेल, ‘ही वाजते कशी?’